वायनरीची सावड

आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मीही तोंडानं घेत नाही. पण लिहिताना घेणार आहे, कारण 'हे' आणि 'आमचे मालक' असलं काही लिहायची आज माझी तयारी नाही. त्याचं नाव हनुमंत. माझं प्रेरणा, त्याच्या तोंडी पेरणा. विंझरहून वर डोंगराच्या अंगाला आमची वाडी आहे, आणि त्या दिवशी हनुमंत मी ठरवलेल्या गाडीत, माझ्या जागेवर बसून, नाशिककडच्या वायनरी बघायला निघाला होता.

आता पहिल्यापासून सांगते.

आमचा अकरा बायकांचा गट आहे. उन्हाळा सरता सरता गडाच्या बाजूच्या उतारावरची जांभळं आम्ही गोळा करतो, त्यांचं सरबत करतो आणि बाटल्या भरून विंझरच्या रस्त्याला मांडतो. राजगडावर येणारे पुण्याचे लोक जाता-येता घेतात. सरबत चांगलं होतं, हे मी माझ्याच तोंडानं सांगते. दुखणं एकच. काही बाटल्या आंबतात. आंबल्या की फुगतात आणि फुगल्या की फुटतात. गेल्या वर्षी एका माणसाच्या गाडीत फुटली, तीही पांढऱ्या सीटवर. तो माणूस अर्ध्या वाटेतून माघारी आला आणि भर रस्त्यात उभा राहून आम्हाला काय काय बोलला. आम्ही खाली माना घालून ऐकलं. चूक आमची होती, करणार काय.

आम्ही सगळं करून पाहिलं. जास्त उकळलं, दोनदा गाळलं, बाटल्या उन्हात तापवल्या. एक पातेलं नीट निघतं, दुसरं आंबतं. का, ते कुणालाच सांगता येईना. मग मला वाटलं, फळाचा रस आंबवणं हाच ज्यांचा धंदा, त्यांनाच जाऊन विचारावं. ज्यांना आंबवता येतं त्यांना ते थांबवताही येत असणार. मोबाईलवर नाशिककडच्या वायनरींचे नंबर शोधले आणि फोन लावत बसले. पहिल्या दोन-तीन ठिकाणी मला पोहण्याच्या तलावाची आणि राहायच्या खोल्यांची माहिती मिळाली. मग एका ठिकाणी शेफालीताई भेटल्या. तिथलं रस काढण्यापासून बाटली बंद करण्यापर्यंतचं काम त्याच बघतात. त्यांनी माझं बाटल्यांचं रडगाणं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, "फेब्रुवारीत या. तेव्हा द्राक्षं तोडून येतात, सगळं काम चालू असतं. बाटल्या कशा धुतो, आंबणं कुठं थांबवतो, तुम्हाला उभं करून दाखवते. फक्त टाक्यांपाशी सहाच माणसं नेता येतात मला."

फोन ठेवला आणि मी एकटीच हसत बसले. इतकं सरळ माझ्याशी बऱ्याच दिवसांत कुणी बोललं नव्हतं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी गटात विषय काढला. सहा जणी जायचं ठरलं. पहिल्या दिवशी पुणे, नारायणगाव, संगमनेर करत नाशिक गाठायचं, तिथल्या धरणाच्या कडेला द्राक्षांचे मळे आणि दोन लहान वायनरी बाहेरून बघायच्या, चंद्राबाईच्या बहिणीकडे मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेफालीताईंकडे. गाडी बुद्धभूषणची. तो विंझरचाच, जीप चालवतो, आणि गाडीत गाणी मोठ्यानं लावत नाही, म्हणून आम्हाला बरा वाटतो. चंद्राबाई तर नकाशावर बोट ठेवून गावांची नावं वाचत होती. मागं एकदा लग्नाला गेली तेवढी नाशिकची ओळख, पण वाट तोंडपाठ असल्यासारखी बोलत होती.

राहिला घरचा प्रश्न. दोन दिवस घर कोण बघणार? तो रत्नाताईंनी सोडवला. त्यांची म्हैस व्यायला झालेली, घरात सासरे अंथरुणावर, त्यामुळे त्यांना या खेपेला निघता येत नव्हतं. त्या म्हणाल्या, "सावड करू की. तुमी सहा जणी जावा, आमी पाच जणी तुमची घरं बगतो. पुढल्या खेपंला आमी जातो, तवा तुमी आमची बगा."

सावड म्हणजे आमच्याकडची भातलावणीची रीत. आज सगळ्यांनी मिळून माझ्या खाचरात वाकायचं, उद्या मी तुमच्या. पैसे द्यायचे नाहीत, हात द्यायचा. घेतलेली सावड तशाच कामानं फेडायची. जो फेडत नाही त्याच्या लावणीला आखाडात कुणी फिरकत नाही, आणि त्याचं रोप तरव्यातच, पेरल्या वाफ्यातच, म्हातारं होतं. घरकामाची सावड आजवर कुणी केली नव्हती, पण रीत सगळ्यांना ठाऊक होती. पाची जणींनी हो म्हटलं. तिळगूळ वाटून आम्ही उठलो.

माझ्या सासूबाई, सरूबाई, कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होत्या. मी त्यांना आत्याबाई म्हणते. दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रंकेतलं इरकली लुगडं काढून उन्हात टाकलं. जत्रेची तयारी असेल म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

मग बातमी पुरुषांपर्यंत गेली. बायका सरबताच्या बाटल्यांसाठी कुठं तरी चालल्यात, इतकंच कळलं असतं तर एकानंही मान वर करून पाहिलं नसतं. पण 'वायनरी' हा शब्द पारावर पोचला आणि वाडीतल्या सगळ्या पुरुषांना एकाएकी बायकांची काळजी वाटायला लागली.

पहिली काळजी इंद्रजितला वाटली. त्याचं पानशेतच्या रस्त्याला हॉटेल आहे, शनिवार-रविवारी पुण्याची गिऱ्हाइकं येतात, त्यामुळे जगातलं सगळं त्याला कळतं. तो घरी येऊन म्हणाला, "वैनी, दारूच्या कारखान्यात बाया एकट्या जायाच्या म्हंजी बरं दिसत न्हाई. योक जाणता माणूस पायजे संगं. वाइनीतलं मला कळतं. म्या येतो." त्याच्या भावजयीची जागा होती. ती जागा त्याची झाली. भावजयीला विचारलं का, तर घरात कुणी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

मग चंद्राबाईचे मालक, चिमाजीभावजी. हे माळकरी. एकादशी करतात, कांदा खात नाहीत. त्यांनी दारात उभं राहून मला विचारलं, "द्राक्षाची म्हंजी फळाचीच न्हवं ती?" मी म्हटलं, "भावजी, आम्ही बाटल्या धुवायला शिकायला चाललोय." ते म्हणाले, "तेच की. बगायला काय हरकत हाय." दोन दिवसांनी चंद्राबाई माझ्याकडे यायची बंद झाली. पाणवठ्यावर दिसली तर म्हणाली, "ह्यांनाच जाऊ दे बाई. घरात रोज कटकट."

असंच एकेक. एकीच्या पोराची परीक्षा अचानक निघाली आणि तिचा दीर तयार झाला. एकीला गाडी लागते, हे तिच्या नवऱ्याला लग्नानंतर इतक्या वर्षांनी कळलं. शेवटी सहा जागांतल्या पाच पुरुषांच्या झाल्या आणि एक माझी उरली. एवढं होऊनही मी गप्प बसले, ते एकाच गोष्टीसाठी. मी एकटीनं जरी आतलं काम बघितलं असतं तरी परत येऊन दहा जणींना दाखवता आलं असतं. बाटल्या फुटायच्या थांबल्या असत्या. मला बाकी काही नको होतं.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी भांडी घासत होते आणि मोबाईल वाजला. शेफालीताईंचा मेसेज होता. 'नमस्कार ताई. तुमच्या मिस्टरांचा फोन आला होता. त्यांच्या सांगण्याप्रमाणे आतली भेट रद्द करून सहा जणांसाठी वाइन टेस्टिंग ठेवलं आहे. तुम्ही येणार नाही हे ऐकून वाईट वाटलं.'

मी तो दोनदा वाचला. हाताला राख तशीच होती, मोबाईलची काच काळी झाली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. माझ्या मोबाईलमधून नंबर काढून, मला न सांगता, मी येणार नाही असं माझ्या नावानं सांगून हा माणूस मोकळा झाला होता. आणि सकाळी माझ्याच हातचा चहा पिऊन, पांढरा शर्ट इस्त्री करायला सांगून गेला होता.

हनुमंत घरी आला तेव्हा मी मोबाईल त्याच्यापुढे धरला. त्यानं वाचलं आणि टोपी खुंटीला अडकवली.

"मग काय झालं? पाच बाप्यात तू एकली बाई कुठं बसनार? म्या बगून येतो, तुला समदं सांगतो."

"काय सांगाल?"

"काय आसंल ते."

"रस किती तापवतात, कधी थांबवतात, बाटल्या कशानं धुतात? टेस्टिंगमध्ये हे सांगतात?"

"लई डोकं खाऊ नगंस, पेरणा. द्राक्षं आन जांभळं काय येगळी हायेत? इचारून येतो म्हणलं ना."

आजवर सरबताच्या पातेल्याजवळ एकदाही न फिरकलेला माणूस मला विचारून येणार होता. मी खूप बोलले. काय बोलले ते सगळं लिहीत नाही, पण भोरची पोरगी तोंडाची फटकळ, हे सासरी पहिल्या दिवसापासून म्हणतात, ते त्या दिवशी खरं केलं. आत्याबाई चुलीपुढं बसून होत्या. सगळं ऐकत होत्या. सून एवढी तडतडतेय, पोरगा असा वागतोय, एक शब्द बोलावा की नाही? त्यांनी तवा उतरवला आणि लाकूड मागं ओढलं. मला हनुमंतापेक्षा त्यांचा जास्त राग आला. हनुमंताकडून मी काही धरलंच नव्हतं.

तशीच उठून रत्नाताईंकडे गेले. म्हटलं, "उद्या सावडीला येऊ नका. मी घरीच आहे. सगळ्याच जणी घरी आहेत."

रत्नाताई म्हशीला आंबोण कालवत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "गाडी जाती का न्हाई?"

"जाते. पुरुष जातात."

"मंग आमी येणार. दिल्याली सावड हाय ती. माणसं निगाल्यावर माघारी घेता येत न्हाई."

मला वाटलं, या बाईलाही काही कळत नाही. पुरुषांनी मजा मारायची आणि हिनं वर फुकटात घरं सांभाळायची. तिच्यावरही चिडून मी घरी आले. त्या दिवशी मी कुणाशीच धड बोलले नाही, म्हशीशी सुद्धा.

उजाडायच्या सुमाराला बुद्धभूषणची जीप आमच्या अंगणात लागली. पुरुष जमले. सगळ्यांच्या अंगावर कडक पांढरे कपडे, इंद्रजितच्या डोळ्यांना गॉगल, सूर्य अजून उगवायचा होता तरी. चिमाजीभावजींच्या गळ्यात माळ दिसली नाही. शर्टाचं वरचं बटण त्यांनी लावून घेतलं होतं. बायका डबे घेऊन मागं उभ्या. चंद्राबाईनं मेथीचे पराठे केले होते, वास सुटला होता. हनुमंत पुढच्या सीटवर बसला. तीच जागा मी माझ्यासाठी धरली होती.

तेवढ्यात रत्नाताई आल्या, आणि त्यांच्या मागं सावडीच्या चौघी. पदर खोचलेले. त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही. अंगणात येऊन रत्नाताईंनी सासूबाईंना विचारलं, "सरूआत्या, सावडीला आलोय. कुनाच्या अंगावर धरायची?"

आणि आत्याबाई बोलल्या. उंबऱ्यात उभ्या होत्या, तिथूनच. "जो जातोय त्याच्या अंगावर. रीतच हाय ती. हनुमंता, तू चाललास न्हवं? रत्नाची सावड तुझ्या अंगावर."

हनुमंत हसला. "बरं. फेडंल की पेरणा."

"पेरणा का म्हणून? ती कुठं चाललीया? ज्यानं सावड घेतली त्यानं फेडायची, आन तशाच कामानं. लावणीची लावणीनं, घरची घरानं. पुढल्या खेपंला रत्ना जाईल तवा दोन दिस तिच्या घरात तू ऱ्हायाचं. शेण काढायचं, पाणी भरायचं, भांडी घासायची."

रत्नाताई शांतपणे म्हणाल्या, "आन आमच्या मामंजींची आंघोळ. पहाटं घालावी लागती, हनुमंतभावजी. त्यांना उचलून मोरीत न्यायचं. सवय झाली की जमतं."

बुद्धभूषण काच पुसत होता, ती पुसतच राहिला.

इंद्रजितनं गॉगल काढला. "आत्या, काय बी काय बोलताय. घरचं काम ते. त्याला सावड कुनी म्हंतं का?"

"न्हाई म्हणत?" आत्याबाई म्हणाल्या. "बरं. मंग ते काम न्हवं, आसं म्हण. रत्ना, जावा गं बायांनो माघारी. काम न्हाई म्हणतोय त्यो. हितल्या म्हशी काय आपल्या आपण पिळून घेतील. आन आखाडात चिखलात बी काम नसतंय म्हणं. इंद्रजितच्या खाचरात तवा त्याचा त्योच वाकंल."

रत्नाताईंनी पदर सोडला. मागच्या चौघींनी सोडला. नुसतं एवढंच केलं त्यांनी. पण लावणीत कोण वाकतं, हे त्या गाडीतल्या प्रत्येक पुरुषाला माहीत होतं. पाऊस लागला की चार दिवसांत रोप लागायला पाहिजे, आणि अकरा घरच्या बायका नाही म्हणाल्या तर अख्ख्या वाडीत वाकायला दुसरं माणूस नाही.

पहिले चिमाजीभावजी उतरले. म्हणाले, उद्या एकादशी हाय, ध्यानातच न्हवतं. एकादशी नव्हती. पण चंद्राबाईनं ते काही काढलं नाही, फक्त त्यांच्या हातातला पराठ्यांचा डबा परत घेतला आणि स्वतःच्या काखेत धरला. मग बाकीचे उतरले. इंद्रजित शेवटी उतरला, हॉटेलात माल यायचाय म्हणाला. हनुमंत बसूनच होता. तो बुद्धभूषणला म्हणाला, "चल रं. आपुन दोघं तरी जाऊ."

बुद्धभूषण म्हणाला, "गाडी प्रेरणावैनींनी ठरवलीया, दादा. त्या म्हंतील तसं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं होतं की अशा वेळी आनंद होईल. झाला नाही. आला तो रागच. इतकं सगळं एका वाक्यावर होणार होतं, तर महिनाभर मी कुणाकुणाला का समजावत बसले? आणि सासूबाईंना ही रीत काल दुपारी आठवली नव्हती का? मी हनुमंताला म्हटलं, "उतरा."

तो उतरला.

बायका धावत घरी गेल्या, कपड्यांच्या पिशव्या घेऊन आल्या. इंद्रजितची भावजय तर ओल्या केसांनी आली. मी शेफालीताईंना मेसेज टाकला, 'आम्ही बायकाच येतोय. टेस्टिंग नको. टाक्या दाखवा.' जीपमध्ये चौघी बसल्या, पाचवी मी. गाडी लागते म्हणून जिची जागा गेली होती ती आलीच नाही. तिच्या नवऱ्यानं घराची कडी बाहेरून लावली होती, असं चंद्राबाई हळूच म्हणाली. त्याला आखाडाची भीती नव्हती. त्याची भातशेती नव्हती, तो पुण्याला नोकरीला होता. मी निघणाऱ्या गाडीतून उतरून तिकडे जायला लागले, तर रत्नाताईंनी मला धरलं. "तू जा. ते आमी बगतो," असं म्हणाल्या, आणि त्यांच्यातल्या दोघी त्या घराकडे निघाल्यासुद्धा.

पुढची एक जागा रिकामी राहिली. मी कुणाला बोलवावं म्हणून बघत होते, तोवर आत्याबाई उंबऱ्यातून खाली उतरल्या. हातात पिशवी. अंगावर इरकली लुगडं. ते मी आत्ता कुठं नीट पाहिलं. त्या सरळ आल्या आणि पुढच्या सीटवर बसल्या.

"आये, तू कुठं?" हनुमंत म्हणाला.

"म्या बी बगून येते. बाटल्या मलाच धुवायच्या आसत्यात."

"आन घरचं?"

"पेरणाच्या वाटचं रत्ना बगंल. माझ्या वाटचं तू बग. म्हशीची धार आन सकाळच्या भाकरी." दार ओढून घेत त्या म्हणाल्या, "एवढा मोठा केला तुला, ती बी सावडच हुती म्हण. आज फेडायला लाग."

हनुमंत अंगणात उभा होता, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. त्याचा चेहरा बघून मला दया यायला हवी होती. आली नाही.

"आये," तो खालच्या आवाजात म्हणाला, "मला भाकरी येत न्हाई."

"मला बी येत नव्हती," आत्याबाई म्हणाल्या, आणि गार लागतंय म्हणून त्यांनी बुद्धभूषणला काच वर करायला सांगितली.